रेघा

दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारच्या आक्का सोनं द्यायला आल्या आणि आपट्याची पानं माझ्या हातात ठेवायच्या आधीच समोरच्या भिंतीकडं बघत थांबल्या. आम्ही त्याच दिवशी सकाळी या घरात आलो होतो. गॅसवर दूध उतू घालून झालं होतं, अर्धं सामान अजून पोत्यात होतं, फरशीवर झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या आणि सगळ्या घराला नव्या रंगाचा तो घशाशी येणारा वास. मला वाटलं आक्कांना रंग आवडला, म्हणून मी जरा कौतुकानंच म्हटलं, पिस्ता कलर घेतलाय आक्का, उजेड वाढतो. त्या म्हणाल्या, "रेघा कुटं गेल्या गं?" मला कळेचना कसल्या रेघा. मग लक्षात आलं. म्हटलं, पुसल्या की, लांबी भरून घेतली वरनं. "बरं केलंस," म्हणाल्या, सोनं दिलं, सोन्यासारखं ऱ्हावा म्हणून दोघांच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि चपला घालता घालता, मला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आता कशावरनं कळायचं म्हणा." आणि "येतो गं" म्हणून गेल्या.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी विसरून गेले असते.

आता सांगायचं तर पेंटरनं मला विचारलं होतं. नवरा शिरोलीला फौंड्रीत सेकंड शिफ्टला, त्यामुळं रंगाचं सगळं मीच बघत होते. हातात पॉलिश पेपर घेऊन तो माणूस भिंतीसमोर उभा होता आणि म्हणाला, "वहिनी, ह्या रेघा काय करायच्या?" पुढच्या खोलीत डाव्या हाताला दोन आडव्या रेघा होत्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. खालची जरा पुसट, वरची ठळक. नुसते पाण्याचे डाग नव्हते ते, डागावर कुणीतरी पट्टी लावून पेन्सिलीनं सरळ रेघ ओढली होती आणि शेजारी बारीक अक्षरात ऑइलपेंटनं लिहिलं होतं, २०१९ आणि २०२१. महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते. मला माहीत होतं ते काय आहे. घर घेतानाच सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि खरं तर त्यामुळंच ते आम्हाला परवडलं. तरी मी म्हटलं, पुसा. नव्या घरात शिरल्या शिरल्या पहिल्यांदा डोळ्यासमोर ते यायला नको. पेंटर एक क्षण थांबला, मग घासायला लागला. ती खसखस अजून कानात आहे माझ्या.

घर म्हणजे कोल्हापुरात शुक्रवार पेठेत नदीकडं उतरत जाणाऱ्या बोळातल्या दोन खोल्या, मागं न्हाणी, वर पत्र्याचा माळा. मागचे मालक शाळेत शिपाई होते, रिटायर झाले आणि मुलाकडं पुण्याला गेले. पहिल्या आठवड्यात मला एकाच गोष्टीची चिडचिड व्हायची, ती म्हणजे लाईटचे बोर्ड. सगळे बोर्ड इतके उंच बसवलेले की बटण दाबायला हात पूर्ण वर करावा लागायचा, मोबाईल चार्जिंगला लावला तर वायर लोंबकळत राहायची. स्वयंपाकघरातली फडताळं पण तशीच, खालचा भाग सगळा मोकळा आणि वर छताजवळ फळ्या. कोण असं घर बांधतं, असं मी चार वेळा तरी म्हटलं असेल. नवरा गारगोटीकडचा, त्याला कळलं असणार, पण तो गप्प बसायचा. मला कळायला पुढचा जुलै उजाडावा लागला. सगळे बोर्ड वरच्या रेघेच्या वर होते. ते घर मला पहिल्या दिवसापासून सांगत होतं आणि मी स्टूल घेऊन बटण दाबत होते.

मी लातूरची. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१६ ला मी कॉलेजात होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळ कधीच बंद झालेले, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होतात म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावलेलं. आमच्या घरी आंघोळ पाटावर बसून आणि पाटाखाली घमेलं, घमेल्यातलं पाणी मग फरशीला आणि फरशीचं संडासला. भाजी धुतलेलं पाणी आई कढीपत्त्याला घालायची, बाकी झाडं सोडून दिलेली, पण कढीपत्ता तिनं जगवला. रात्री दोनला टँकर येणार असा निरोप आला की मी आणि भाऊ कॅन घेऊन रांगेत, दगड ठेवून नंबर लावायचा, दगडावर खडूनं नाव. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बाबा बघायला स्टेशनवर गेले होते. परत आले तर चप्पल न काढता उंबऱ्यातच बसले आणि आईला म्हणाले, कृष्णेचं पाणी आलंय. मोठ्या घरचा पाहुणा आल्यासारखं. त्या पाण्यातलं आमच्या वाट्याला किती आलं, आलं का नाही, मला आठवत नाही. पण बाबांचा तो आवाज आठवतो.

त्यामुळं कोल्हापूरच्या या बोळात आल्यावर पहिल्या महिन्यातच नवऱ्याशी माझं वाजायला लागलं ते पाण्यावरनं. मी सगळं भरून ठेवायचे. हंडा, कळशी, दोन बादल्या, पिंप, पाण्याच्या बाटल्या, एकदा तर कुकरसुद्धा. तो कामावरनं आला की म्हणायचा, रोज येतंय की पाणी, कशाला शिळं साठवून ठेवतीस. शिळं पाणी. हा शब्दच मला झोंबायचा. भाकरी शिळी होते, पाणी कसं शिळं होईल? आक्का रोज सकाळी उठल्या की तांब्याच्या हंड्यातलं कालचं सगळं पाणी दारात ओतायच्या, सडा म्हणून, तुळशीला, पायरीला, उरलेलं गटारीत. मग चिंचेनं हंडा घासून नवं भरायच्या. मी खिडकीतनं बघायचे आणि माझ्या पोटात अक्षरशः कालवायचं. एकदा न राहवून म्हटलंच, आक्का ते मला द्या, मी कपड्यांना वापरते. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी हंडा ओतायच्या आधी हाक मारायला लागल्या. "लातूर, बादली आण गं." पुढं महिनाभर माझं नाव लातूरच होतं.

त्याच दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आलं. इतकी वर्षं ज्याची चर्चा होती ते पाणी. नवरा म्हणाला, बघ, आता तर धरणच आलं घरात, आता तरी कुकर मोकळा कर.

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे घाटावर गेलो. आमच्या दारातनं खाली चालत सात-आठ मिनिटं. अंधारात पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या, मधल्या देवळांच्या कट्ट्यांवर पणत्या, रांगोळ्या, तेलाचा आणि कापराचा वास, आणि त्या सगळ्याचं उलटं चित्र खाली पाण्यात. नवऱ्यानं सांगितलं की ही देवळं पावसाळ्यात बुडतात, शिखरं तेवढी दिसतात. मला पटलं नाही. नदी इतकी खाली आणि इतकी शांत होती की तिच्याकडनं असलं काही होईल असं वाटत नव्हतं. मी पायरीवर बसून दोन्ही हात पाण्यात घातले आणि बराच वेळ तसेच ठेवले. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशी पाच नद्यांची ही पंचगंगा, त्याला पाठ होतं, त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. आमच्याकडं एका नदीचं नाव घ्यायचं तर तिच्यात पाणी असेल की नाही याचा आधी विचार करावा लागतो.

जानेवारीत येळवस आली. आमच्याकडं वेळ अमावस्येला सगळं लातूर शेतात जातं, गावं रिकामी पडतात, कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव मांडतात, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, ओळखीचा असो नसो वाटेवरच्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. कोल्हापुरात त्या दिवशी नुसता गुरुवार होता, सगळे कामावर. मी शाहूपुरीत एका सीएच्या ऑफिसात आहे, सुट्टी मागायची कशाची म्हणून, सण सांगितला तर कुणाला माहीत नाही. तरी हाफ डे टाकला. कपिलतीर्थ मंडईत फिरून ओल्या तुरीचे दाणे मिळवले, हरभरा, वाटाणा, ओल्या शेंगा, ताक आणि बेसन लावून भज्जी केली, आईला तीनदा फोन करून, आदल्या रात्री ज्वारीच्या कण्या भिजवून आंबील केली. आणि मग दोघांपुरतं एवढं मोठं पातेलं बघून रडायलाच आलं. वाटेवरचा कोण आणायचा? आक्कांना हाक मारली. त्या, त्यांची सून, नातू, समोरचे रिक्षावाले दादा, असे सगळे पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. आंबील आक्कांना फार आवडली, वाटी तोंडाला लावूनच प्यायल्या.

त्या दिवशी कळलं मला त्या रेघांचं. आक्का बसल्या होत्या नेमक्या त्याच भिंतीखाली. बोलता बोलता सून म्हणाली की २०१९ ला त्यांची पांढऱ्या मातीची भिंत बसली. पाणी चढताना नाही, उतरल्यावर. आठवडाभर पाण्यात उभी राहिली आणि घरी परत येऊन आक्कांनी दार उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खाली बसली. आक्कांचे यजमान त्या भिंतीवर दर पुराला खूण करायचे, २००५ ची होती, त्याच्या आधीचीही होती, ते गेल्यावर आक्का करायच्या. सगळं मातीत गेलं. नवीन विटांची भिंत झाली, ती दर दिवाळीला चुना खाते. बोळातल्या खालच्या बाजूच्या बाकीच्या घरांचं पण तसंच, कुणी पाडून बांधलं, कुणी टाईल्स लावल्या. उरल्या होत्या त्या आमच्या घरातल्या दोन. म्हणून पाऊस लागला, की सगळे मागच्या मालकांच्या दारात येऊन भिंतीकडं बघून जायचे. एवढं सांगून सून गप्प झाली, कारण आक्कांनी तिच्याकडं बघितलं. मग त्या मला म्हणाल्या, "तुझं घर हाय पोरी, तू रंगव. भज्जी वाढ जरा." मी वाढायला उठले. स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला आणि लगेच बंद केला.

मला घर घेताना वाटलं होतं की घर म्हणजे चार भिंती, कागद आणि हप्ता. भिंतीवर शेजाऱ्यांचं काही असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का?

उन्हाळा लवकर गेला. मे महिन्यात आक्कांनी मला वर्षाच्या चटणीत घेतलं. चटणी म्हणजे इथं तिखट, मी आल्या आल्या चटणी मागितली की लोक मला लाल तिखट द्यायचे आणि मी शेंगदाण्याची शोधत बसायचे. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची पत्र्यावर वाळत घातली, देठं काढताना बोटांची आग, रात्रभर डोळ्याला हात लावायची चोरी. कांदा चिरून वाळवलेला, लसूण, खोबरं, तीळ, धणे, सगळं भाजून गिरणीत नेलं, तिथं ठसक्यानं आम्ही चौघी एकमेकींना धरून उभ्या. आईनं पाठवलेलं काळं तिखट पण होतं माझ्याकडं, ते आक्कांनी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं आणि एका बरणीत मागून घेतलं. त्याच आठवड्यात कधीतरी आईचा फोन आला, मी घाईत होते, म्हटलं, आई थांब, मी आलोच. पलीकडं शांतता. मग आई म्हणाली, "पोरासारखं काय बोलायलीस गं?" इथं बायका असंच बोलतात, आलो, गेलो, जेवलो, येतो. पहिल्या दिवशी आक्कांचं "येतो गं" ऐकून मी दचकले होते. माझ्या तोंडात ते कधी बसलं मला समजलंच नाही. आईला हसू आलं असेल असं वाटलं, पण तिच्या आवाजात थोडं काहीतरी दुखल्यासारखं होतं, ते मला दिवसभर पुरलं.

आणि मग आषाढ लागला, नदीला नवं पाणी आलं.

नवं पाणी कसं असतं ते मी पहिल्यांदा बघितलं. गढूळ, दुधाच्या चहाच्या रंगाचं, त्यात काटक्या, फेस, आणि एक ओल्या मातीचा उग्र वास जो बोळात आमच्या दारापर्यंत चढून येतो. आषाढातल्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी गल्लीगल्लीतनं त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, जत्रा निघते. घाटावर जाऊन त्या नव्या पाण्यानं कलश भरायचे, पोरीबाळींनी डोक्यावर घ्यायचे आणि पी ढबाक वाजवत टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन देवीच्या पायरीवर ओतायचे. आमच्या गल्लीच्या जत्रेला आक्कांनी माझ्या डोक्यावर कलश दिला. सनईचं ते पीऽऽ आणि मागनं ढबाक, पाऊस बारीक, ओल्या साडीचा काठ पायात येतोय, कलशातलं पाणी हिंदकळून कपाळावरनं खाली नाकापर्यंत. टेकडीपर्यंत चालत जाणं काही जवळ नाही. सगळा रस्ता मी एक हात वर धरून होते की सांडायला नको. शेजारची पोरगी म्हणाली, अगो सांडू दे की, वतायलाच तर न्यायलोय. पायरीवर गर्दीत माझा नंबर आला आणि मी कलश उलटा केला. जन्मात पहिल्यांदा मी भरलेलं भांडं मुद्दाम ओतलं. पायऱ्यांवरनं सगळ्यांचं पाणी एकत्र होऊन खाली येत होतं, आमच्या पायांवरनं. संध्याकाळी गल्लीत घरोघरी मटण. मी दमून लवकर झोपले.

पंधरा दिवसांत तेच पाणी वर आलं.

ज्यांनी कोल्हापुरात जुलै काढलाय त्यांना सांगायला नको. मोबाईलवर दर दोन तासांनी एकच मेसेज, राजाराम बंधारा पाणी पातळी इतके फूट इतके इंच, इशारा ३९, धोका ४३, इतके बंधारे पाण्याखाली. लातूरला शाळेत भूगोलात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा शिकलो होतो, आमच्या गावाशेजारी एक होता पण, आम्ही त्याच्या कोरड्या पात्रात खेळायचो. इथं ते बंधारे पाण्याखाली गेल्याचा आकडा येत होता. बोळातली माणसं आकड्यात कमी आणि ठिकाणात जास्त बोलायची. गायकवाड वाड्याला लागलं का? जामदार क्लबला आलं का? तालमीला? ४३ ओलांडलं त्या रात्री राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक. मी हिशोबाची माणूस, झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर गुणाकार केला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. म्हणजे एका दरवाज्यातनं सेकंदाला चाळीस हजार लिटर. आमच्या पहिल्या रेल्वेचं सगळं पाणी, ज्यासाठी बाबा उंबऱ्यात बसून राहिले होते, ते पाच लाख लिटर त्या एका दरवाज्यातनं साडेबारा सेकंदात जात होतं. मी तीनदा करून बघितला तो हिशोब. मग मोबाईल पालथा ठेवला. बाहेर पाऊस पत्र्यावर नुसता कोसळत होता आणि मला बाबांना फोन करावासा वाटत होता, रात्री अडीच वाजता, आणि काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

सकाळी सामान चढवायला सुरुवात झाली. तालमीतली चार पोरं न बोलावता आली, ती दरवर्षी येतात म्हणे, वरच्या बाजूनं एकेक घर करत खाली. त्यांनी फ्रीज उचलला आणि विचारलं, वहिनी कशावर ठेवायचा? म्हणजे किती उंच? टेबलावर भागेल का माळ्यावर न्यायचा? माळ्यावर न्यायचा तर जिना अरुंद, फ्रीजचं दार काढावं लागणार. आणि तिथं माझ्या पुढच्या खोलीत, पिस्ता रंगाच्या त्या गुळगुळीत भिंतीसमोर दहा माणसं उभी राहून भांडायला लागली. रिक्षावाले दादा म्हणाले, एकोणीसचंच पाणी जास्त होतं, इथवर, आणि छातीला हात लावला. आक्कांची सून म्हणाली, नाही, एकवीसचं जास्त, एकोणीसचं जास्त दिवस होतं म्हणून तसं वाटतं. एक पोरगा म्हणाला बंधाऱ्याला एकोणीसला ५५ च्या वर गेलं होतं आणि एकवीसला ५६ च्या. बरोबर होतं त्याचं, पण ते बंधाऱ्याचं झालं, आपल्या बोळात किती? बंधाऱ्याच्या एका फुटाला आपल्या दारात किती चढतं? कोण म्हणे कमरेला, कोण म्हणे खांद्याला. आक्का काही न बोलता भिंतीजवळ गेल्या, चपला काढून, टाचा टेकवून सरळ उभ्या राहिल्या आणि उजवा हात गळ्याच्या जरा खाली आडवा धरला. "हितवर." मग थोडा वेळ तसंच उभं राहून म्हणाल्या, "का जरा खाली. तवा मी उंच हुतो." त्या पाच वर्षांत त्या वाकल्या होत्या. त्यांच्या हातानं आता मापता येत नव्हतं. त्यांच्याकडं बघवेना मला.

फ्रीज माळ्यावर नेला. दार काढून.

तीन रात्री आम्ही राजारामपुरीत नवऱ्याच्या मित्राकडं होतो. पाणी आमच्या दारापासून चार घरं खाली येऊन थांबलं आणि मग बोट बोट उतरत गेलं. लोक म्हणाले, हे काय पाणी नव्हे, हे नुसतं येऊन बघून गेलं. त्या खालच्या चार घरांना असं म्हणता आलं नसेल. परत आल्यावर चिखलाचा तो वास, कुजलेल्या पाल्याचा आणि डिझेलचा मिळून एक, दोन आठवडे भातालासुद्धा यायचा. आक्का उंबऱ्यात बसून २०१९ चं सांगायच्या. हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं नळाला पाणीच नाही, शाळेत कॅम्पला होत्या तिथं टँकरची वाट बघायची. सगळीकडं पाणी आणि हातात मोकळी कळशी घेऊन रांग. "तुमच्यात असतं तसंच की," म्हणाल्या. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात गणपतीच्या मूर्ती भिजून गेल्या त्या वर्षी, गणपती बसायला महिनासुद्धा राहिला नव्हता. मला एकदम आठवलं, त्याच वर्षी लातुरात पाणी नाही म्हणून आमच्या गल्लीनं गणपतीचं विसर्जन केलं नव्हतं, मूर्ती तशीच दान दिली होती, भाऊ रडला होता. मी आक्कांना सांगितलं ते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हिकडचं जरा तिकडं सरलं असतं तर. एवढंच. त्यांनी असं म्हणताना हातानं जागा सरकवल्यासारखं केलं, पोळपाट सरकवतो तसं.

घटस्थापनेच्या आधी इथं घरातलं सगळं धुऊन काढतात, रग, चादरी, गोधड्या, पडदे, नदीवर नेऊन धुतात. मी पण काढलं सगळं. त्या आवराआवरीत कर्जाची फाईल सापडली आणि तिच्यात व्हॅल्युएशनचा रिपोर्ट, त्याच्या मागं घराचे फोटो. रंगवायच्या आधीचे. पुढच्या खोलीचा एक फोटो जरा तिरका, कोपऱ्यात मागच्या मालकांची खुर्ची, वर उंचावर लाईटचा बोर्ड, आणि बोर्डाच्या खाली त्या दोघी. नीट. वरची बोर्डापासून बरीच खाली, तिच्या वीतभर खाली दुसरी. मी तो कागद घेऊन तशीच ओल्या हातानं आक्कांकडं पळाले. त्यांना चष्म्यातनंही नीट दिसलं नाही, सुनेनं मोबाईलवर फोटो काढून मोठा करून दाखवला. त्यांनी बोट ठेवलं, रेघेवर नाही, आकड्यांवर, आणि मागच्या मालकांचं नाव घेतलं. "त्येचंच अक्षर," म्हणाल्या.

रविवारी नवरा घरी होता. त्यानं फौंड्रीतनं स्टीलची लांब पट्टी आणलेली, लेव्हलची नळी पण आणली होती, त्याचं असतं तसं. आक्कांना खुर्ची दिली. फोटोवरनं आणि बोर्डावरनं माप काढून त्यानं पिस्ता रंगावर आधी बारीक ठिपके केले. आक्का म्हणाल्या, जरा वर. तो म्हणाला, आक्का फोटोत इथंच आहे. त्या म्हणाल्या, फोटोत आसंल, पण हुतं वर. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं फोटोची मार, आणि आक्कांची वेगळी खूण कर, त्यांचं बोट जिथं आहे तिथं. ते पटलं दोघांना. पेन्सिल मी हातात घेतली. नव्या रंगावर पेन्सिल सरकते, धरत नाही लवकर, दाबून ओढावी लागते. खालची रेघ झाली, शेजारी २०१९ लिहिलं. वरची निम्म्यापर्यंत आली असेल, एवढ्यात बाहेरनं सुनेची हाक आली, "पाणी आलं होऽऽ". आक्का खुर्चीतनं उठल्यासुद्धा. मी म्हटलं आलो आलो, पेन्सिल खिडकीत टाकली आणि हंडा घेऊन पळालो. वरची अजून अर्धीच आहे.